मोरसची साखर : एका बेटाचा आयात कर आणि आपल्या माणसांची मजुरी

नंदुरबार-नवापूरच्या बाजूला गुजराती बोलणाऱ्या किराणा दुकानदाराकडे गेलात तर साखरेला 'मोरस' हा शब्द ऐकायला मिळतो. जुन्या मराठीतही 'मोरस साखर' म्हणत असत. हा मोरस म्हणजे मॉरिशस. आफ्रिकेच्या पूर्वेला हिंदी महासागरात असलेले हे बेट आपल्या रायगड जिल्ह्यापेक्षाही लहान आहे. एके काळी या बेटावरची पांढरी साखर गोण्या भरभरून मुंबई बंदरात उतरत असे आणि तेथून गावोगावच्या बाजारात जात असे. त्या साखरेने मालाला नाव दिले. पण ती साखर ज्यांनी पिकवली ती माणसे कोण होती, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. ती माणसे आपल्याच देशातून गेलेली होती. त्यांच्यात मराठी बोलणारीही होती.

व्यापार-उद्योगाच्या पानावर हा जुना इतिहास कशाला, असे वाचकबंधूंना वाटेल. कारण असे की एकोणिसाव्या शतकात त्या बेटावर दोन कायदे शेजारी शेजारी चालले. एक आयात कराचा आणि दुसरा बाहेरून मजूर आणण्याचा. पहिला कायदा लंडनमध्ये बदलला की दुसऱ्या कायद्याखाली राबणाऱ्या माणसाच्या हातातला पैसा बदलत असे. आज आपल्या खानदेशातून आखाती देशांत जाणारा वेल्डर असो, ऊसतोडीला जाणारे जोडपे असो, की सराफ बाजारातला कारागीर असो, त्यांच्या रोजीवरही हेच दोन कायदे चालतात. म्हणून मोरसची गोष्ट आपल्या कामाची आहे.

(या लेखात जकात हा शब्द येईल तेथे तो बंदरावरच्या आयात कराच्या अर्थाने घ्यावा, ही विनंती.)

दहा शिलिंगांचा फरक

१८१० साली इंग्रजांनी मॉरिशस फ्रेंचांकडून घेतले. बेटावर ऊस होता, पण साखर थोडी होती. याचे कारण जमिनीत नव्हते, ते लंडनच्या जकात नाक्यावर होते. इंग्लंडमध्ये वेस्ट इंडीज बेटांच्या साखरेवर जो कर होता, त्याहून हंड्रेडवेटमागे, म्हणजे सुमारे ५० किलोमागे, दहा शिलिंग जास्त कर मॉरिशसच्या साखरेला भरावा लागे. एवढा बोजा घेऊन माल विकणार कसा?

१८२५ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने हा फरक काढून टाकला. दोन्हीकडच्या साखरेला एकच कर लागला. बेटावर पाऊस तोच होता, मातीही तीच होती. पण कागदावरचा आकडा बदलला आणि मळेवाल्यांनी दुसरी पिके मोडून ऊस लावला. १८२५ च्या सुमारास बेटाची साखर दहा-अकरा हजार टन होती. १८६० च्या सुमारास ती एक लाख टनांच्या वर गेली.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. हिंदुस्थानात तयार होणाऱ्या साखरेला मात्र इंग्लंडमध्ये ही सवलत १८३६ पर्यंत मिळाली नाही. म्हणजे अकरा वर्षे बेटाच्या साखरेला रस्ता मोकळा आणि आपल्या साखरेला नाक्यावर अडवणूक. माल मागे राहिला आणि माणसे पुढे गेली. ती कशी गेली, ते आता पाहू.

गुलाम गेले, करारवाले आले

ऊस वाढला तसे हात लागू लागले. पूर्वी हे काम आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेले गुलाम करीत. १८३३ साली इंग्रज पार्लमेंटने गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला आणि तो मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी १८३५ पासून लागू झाला. मालकांना नुकसानभरपाई म्हणून वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. गुलामांना काही मिळाले नाही. उलट 'उमेदवार' या नावाखाली त्यांना आणखी चार वर्षे त्याच मालकांकडे राबावे लागले. १८३९ साली ते पुरते मोकळे झाले, तेव्हा बहुतेकांनी मळ्याकडे पाठ फिरवली.

मळेवाल्यांनी हे आधीच ओळखले होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलास' नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरात आले. त्यांचा करार पाच वर्षांचा होता. पुरुषाला महिना पाच रुपये. सहा महिन्यांचा पगार आगाऊ. परतीच्या भाड्यासाठी दर महिन्याला एक रुपया कापून ठेवायचा. तांदूळ, डाळ, मीठ, तेल आणि अंगावरचे कपडे मालकाने द्यायचे. आपल्याकडे मुकादम जशी उचल देतो, तशीच ही उचल होती. उचल घेतली की माणूस बांधला गेला.

पुढच्या चार वर्षांत हजारो माणसे अशी नेली गेली. जहाजावरचे मृत्यू, खोटी आश्वासने आणि फसवून केलेली भरती यांचा गवगवा कलकत्त्यात आणि लंडनमध्ये झाला. १८३९ साली ही निर्यात बंद करण्यात आली. मळेवाल्यांनी आरडाओरड केली. १८४२ साली नवा कायदा झाला आणि कलकत्ता, मद्रास व मुंबई ही तीन बंदरे उघडली गेली. या वेळी प्रवासी मजुरांवर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी नेमला गेला. १८४३ या एका वर्षातच तीस हजारांहून जास्त माणसे बेटावर उतरली.

१८३४ ते १९१० या काळात एकंदर साडेचार लाखांच्या आसपास मजूर मॉरिशसला गेले. बहुसंख्य कलकत्त्याहून, म्हणजे बिहार आणि आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातून गेले. त्यांच्या खालोखाल मद्रासहून. मुंबई बंदरातून गेलेल्यांचा वाटा दहातल्या एकाहून कमी होता. त्यांत कोकणातले मराठी बोलणारे लोक बरेच होते. सगळ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश माणसे परत आली. बाकीची तेथेच राहिली. ज्या घाटावर ती उतरत, तो 'आप्रवासी घाट' २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत घेतला गेला.

गैरहजेरीचा दुहेरी काट

कागदावर पाच रुपये हा पगार त्या काळी अगदीच वाईट दिसत नव्हता. फसगत कलमांत होती. बेटाच्या मजूर कायद्यात असा नियम होता की एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी कापायची. याला 'डबल कट' म्हणत. आजारी पडला तरी मुकादम हजेरीत काय लिहितो, त्यावर सगळे अवलंबून. तेथे मुकादमाला 'सिरदार' म्हणत.

आपण हिशेब करून पाहू. पाच रुपये म्हणजे ८० आणे. महिन्याचे कामाचे २६ दिवस धरले तर रोज सुमारे तीन आणे पडतात. एखादा माणूस महिन्यात पाच दिवस तापाने पडला, तर दहा दिवसांची मजुरी गेली. म्हणजे तीस आणे, जवळजवळ दोन रुपये. परतीच्या भाड्याचा रुपया वेगळा. हातात उरले दोन रुपये. तेही वेळेवर मिळत नसत. अनेक मळ्यांवर पगार महिनोन्‌महिने थकत असे. आणि पगार मागायला मळा सोडून दंडाधिकाऱ्याकडे गेला, तर तोही गैरहजेरीचाच दिवस!

१८५० च्या दशकाच्या सुरुवातीला परतीचे मोफत भाडे देण्याची पद्धतही बंद करण्यात आली. येताना भाडे मालकाच्या बाजूने आणि जाताना आपल्या खिशातून. ज्याच्या हातात महिन्याला दोन-तीन रुपये उरतात, तो समुद्र ओलांडून परत कसा येणार?

लंडनमध्ये कर उतरला, बेटावर मजुरी उतरली

आता या कहाणीचा मुख्य भाग. १८४६ साली इंग्लंडमध्ये खुल्या व्यापाराचे वारे सुटले. पार्लमेंटने साखरेच्या कराचा नवा कायदा केला. आतापर्यंत वसाहतींच्या साखरेला कमी कर आणि परक्या देशांच्या साखरेला जास्त कर होता. तो फरक टप्प्याटप्प्याने कमी करीत १८५४ पर्यंत पुसून टाकण्यात आला. क्यूबा आणि ब्राझीलमध्ये तेव्हाही गुलाम होते. गुलामांकडून काढलेली ती स्वस्त साखर आता लंडनच्या बाजारात मॉरिशसच्या साखरेशेजारी येऊन बसली.

इंग्लंडच्या गिऱ्हाइकाला साखर स्वस्त झाली. पण १८४७-४८ च्या मंदीत मॉरिशसच्या मळ्यांना कर्ज देणाऱ्या लंडनच्या मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. मळेवाल्यांची उधारी तुटली. मग तोटा कोणाकडे सरकला? जमीन तीच, गिरणी तीच, व्याज तेच. खाली आणता येण्यासारखा आकडा एकच होता, तो मजुरीचा. बेटावरचे मजुरीचे दर खाली आले आणि थकबाकी वाढली. ज्या मजुराने लंडन कधी पाहिले नव्हते, त्याच्या थाळीतून लंडनच्या जकातीचा फरक वसूल झाला.

व्यापारात मुरलेल्या माणसाला हे नवे नाही. कर वाढतो तेव्हा तो गिऱ्हाइकावर ढकलला जातो. संरक्षण देणारा कर उतरतो, तेव्हा तोटा कारागिरावर ढकलला जातो. मधला माणूस आपला टक्का शक्यतो सोडत नाही.

स्वतःच्या भाड्याने गेलेले

त्याच बेटावर हिंदी माणसांचा एक दुसरा वर्गही गेला. कच्छ, काठियावाड आणि सुरतेकडचे मुसलमान व्यापारी. ते करारावर गेले नाहीत, स्वतःचे भाडे भरून गेले. पोर्ट लुई शहरात त्यांनी कापड, तांदूळ आणि किराणा यांची दुकाने टाकली. मजूर भात खाणारा होता आणि तांदूळ हिंदुस्थानातून येत असे. त्यामुळे धंदा चालला. पोर्ट लुईची प्रसिद्ध जुम्मा मशीद १८५० च्या दशकात याच व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने उभी राहिली. पुढे हे व्यापारी साखरेच्या खरेदी-विक्रीतही उतरले. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजी जवळपास तीन आठवडे मॉरिशसमध्ये राहिले, तेव्हा त्यांचे स्वागत करण्यात तेथील मुसलमान व्यापारी पुढे होते.

देश एक, समुद्र एक, बेटही एक. मग एक वर्ग पेढीवर बसला आणि दुसरा उन्हात राबला, हे का? भांडवल हे एक कारण आहेच. पण दुसरे कारण कागदाचे आहे. व्यापाऱ्याला कराराचे बंधन नव्हते. भाव पडला तर तो माल बदलू शकत होता, गिऱ्हाईक बदलू शकत होता, घरी परतू शकत होता. मजूर मालक बदलू शकत नव्हता.

आणि करार संपला तरी सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्याने करार पूर्ण केलेल्या जुन्या मजुरांनाही फोटो लावलेला दाखला आणि पोलिसांचा पास जवळ बाळगण्याची सक्ती झाली. पास नसेल किंवा दुसऱ्या तालुक्यात सापडला तर भटक्या म्हणून अटक. याविरुद्ध १८७१ साली एक अर्ज गेला. त्यावर ९,४०१ जुन्या मजुरांची नावे होती. त्यांना अदोल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या एका युरोपीय गृहस्थाने मदत केली. मळेवाल्यांनी त्याला मारहाण करण्यापर्यंत मजल गेली. पण अर्ज दडपता आला नाही. १८७२ साली विलायतेहून चौकशी आयोग आला. १८७५ साली त्याचा अहवाल निघाला आणि मजुरांच्या बहुतेक तक्रारी खऱ्या ठरल्या. १८७८ साली कायदा बदलला. नऊ हजार माणसांनी एका कागदावर नावे लिहिली, याचे हे फळ होते.

साखर मुंबईला परत आली

युरोपात बीटपासून साखर निघू लागली तेव्हा मॉरिशसला विलायतेचा बाजार अपुरा पडू लागला. बेटाने तोंड पूर्वेकडे वळवले. १८७० च्या दशकात तेथे रुपया हेच चलन झाले. हिंदुस्थानात १८८२ ते १८९४ या काळात बहुतेक मालावर आयात कर नव्हता. त्यामुळे मोरसची साखर मुंबईत मोकळेपणाने उतरली. बिहारच्या आणि कोकणच्या माणसाने तेथे ऊस तोडला आणि त्याची साखर येथे गुऱ्हाळवाल्याच्या गुळाशी स्पर्धा करू लागली. ज्या देशाच्या साखरेला पूर्वी विलायतेत जादा कर होता, त्याच देशाच्या बाजारात आता परकी साखर कर न भरता येत होती.

१८९० च्या दशकात जर्मनी आणि ऑस्ट्रियाची बीट साखर आली. त्या सरकारांकडून निर्यातीवर बक्षीस मिळत असल्याने ती आणखी स्वस्त पडे. १८९९ साली लॉर्ड कर्झनच्या सरकारने अशा साखरेवर बक्षिसाएवढा जादा कर लावला. देशी उत्पादकांसाठी हे केले असे सांगण्यात आले. पण त्याचा मोठा लाभ मॉरिशसच्या मळेवाल्यांना झाला, कारण मुंबईत त्यांचा प्रतिस्पर्धी मागे हटला.

एका राज्याची किंमत

मॉरिशस ही वसाहत होती, म्हणून असे झाले का? ज्या बेटावर स्वतःचा राजा होता, तेथे काय झाले? याचे उत्तर प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांत सापडते.

हवाईचे राज्य स्वतंत्र होते. १८५० साली तेथे मालक आणि नोकर यांच्यासंबंधी कायदा झाला. काम सोडून गेलेल्या मजुराला गैरहजेरीच्या दुप्पट काळापर्यंत राबवून घेता येत असे. म्हणजे मॉरिशसमध्ये मजुरीचा दुहेरी काट आणि हवाईत दिवसांचा. १८५२ पासून चिनी आणि पुढे जपानी व पोर्तुगीज मजूर आणले गेले. १८७६ साली अमेरिकेशी झालेला व्यापारी तह अमलात आला. हवाईची साखर अमेरिकेत कर न भरता जाऊ लागली. चौदा वर्षांत तिची निर्यात सुमारे दहापट झाली. इतके मजूर आले की १८९० च्या खानेसुमारीत मूळचे हवाईयन निम्म्याहून कमी भरले.

त्याच १८९० साली अमेरिकेने कायदा बदलला. सगळ्याच देशांच्या कच्च्या साखरेवरचा कर काढला आणि आपल्या देशातल्या उत्पादकाला पौंडामागे दोन सेंट बक्षीस ठेवले. हवाईचा फायदा एका फटक्यात संपला. बेटावरच्या गोऱ्या मळेवाल्यांपैकी अनेकांना अमेरिकेत सामील होणे हाच उपाय दिसू लागला. १८९३ साली राणी लिलिउओकलानी हिला गादीवरून काढण्यात आले. १८९८ साली अमेरिकेने बेटे आपल्यात घेतली. राज्य जाण्याची कारणे अनेक होती, पण साखरेचा कर त्यांतले मोठे कारण होते. ज्याचा सगळा धंदा परक्याच्या एका कलमावर उभा, त्याचे राज्यही त्या कलमावर उभे, हा यातला धडा.

खानदेशात काय घडले

आता आपल्या घरी येऊ. १८६० नंतर मुंबई बंदरातून मॉरिशसला जाणारा ओघ आटत गेला. याच सुमारास मुंबईत कापड गिरण्या निघाल्या. जी. आय. पी. रेल्वे खानदेशातून भुसावळपर्यंत आली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे खानदेशच्या कापसाला चढे भाव मिळाले. घराजवळ काम असले की माणूस समुद्र ओलांडत नाही, ही साधी गोष्ट आहे.

साखरेने मात्र पुढच्या शतकात खानदेशाला गाठलेच. पहिल्या महायुद्धानंतर मोरसची जागा जावा बेटाच्या साखरेने घेतली होती. १९३२ साली सरकारने देशी साखर धंद्याला संरक्षण देणारा कायदा करून परक्या साखरेवर मोठा कर बसवला. देशात तेव्हा तीसच्या आसपास आधुनिक कारखाने होते. पाच-सहा वर्षांत ते १३० च्या वर गेले. नगर जिल्ह्यात कारखाने निघाले आणि स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखान्यांचे युग आले. ऊस तोडायला पुन्हा माणसे हवी झाली. आज दरवर्षी दिवाळीच्या सुमारास चाळीसगाव, पाचोरा, साक्री, नंदुरबारच्या बाजूने टोळ्या निघतात, त्या याच साखळीतल्या. नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा जावे लागते. अॅटलास जहाजावरचे सहा महिन्यांचे आगाऊ पैसे आणि ही उचल, दोन्हीत फरक किती?

जळगावचा सराफ बाजार पाहा. तेथे दागिने घडवणाऱ्यांत बंगालहून आलेले कारागीर आहेत. सोन्यावरचा आयात कर २०२२ साली १५ टक्के झाला आणि जुलै २०२४ मध्ये ६ टक्क्यांवर आला. असा बदल झाला की दुकानदार शिलकी मालाचा हिशेब करतो, गिऱ्हाईक भावाकडे पाहते. पण काम थांबले तर सगळ्यात आधी रिकामा बसतो तो कारागीर. जळगावच्या डाळ गिरण्यांना तुरीच्या आयातीचे धोरण असेच भोवते किंवा फळते. धुळ्याच्या यंत्रमागवाल्याला सुताच्या भावाबद्दल वेगळे सांगायला नको.

करारातली चार कलमे

कराराची मजुरी बंद व्हावी म्हणून कायदेमंडळात आवाज उठवणारा माणूस मराठी होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० साली नाताळला मजूर पाठवणे थांबवावे असा ठराव मांडला आणि तो मान्य झाला. मार्च १९१२ मध्ये त्यांनी ही पद्धतच मोडावी असा ठराव आणला. तो सरकारी मतांनी पडला. पण १९१७ साली कराराने मजूर पाठवणे थांबले. पुढे १९२२ चा आणि मग १९८३ चा उत्प्रवासन कायदा आला. १९८३ च्या कायद्यात 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' हे पद ठेवले गेले. हे नाव एकोणिसाव्या शतकातल्या त्याच मजूर-जहाजांच्या काळातले आहे. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर आखाती देशांसाठी त्या कार्यालयाची परवानगी लागते, हा नियमही याच कायद्याखाली आला. ही परवानगी चुकवून पर्यटक व्हिसावर नेतो म्हणणारा एजंट आपल्या माणसाची शेवटची ढाल काढून घेत असतो.

मोरसच्या मजुराला जी चार कलमे भोवली, तीच आज धुळ्याच्या किंवा जळगावच्या मुलाने सही करण्याआधी वाचली पाहिजेत.

पहिले, पगार किती आणि तो कोणत्या तारखेला. आकडा मोठा असून थकत असेल तर तो आकडा नाही.

दुसरे, गैरहजेरीला काय कापणार आणि आजारपणात काय. दुहेरी काट आजही वेगळ्या नावाने येतो.

तिसरे, परतीचे भाडे कोणाचे. जाण्याचे तिकीट सगळेच दाखवतात.

चौथे, मालक बदलता येतो की नाही, आणि पासपोर्ट कोणाच्या कपाटात राहणार. ज्या करारातून बाहेर पडण्याचे दार नाही, तो पगाराच्या आकड्यावरून तोलू नये.

करार अरबी किंवा इंग्रजीत असेल तर मोहल्ल्यातल्या जाणत्या माणसाकडून तो वाचून घ्यावा. त्याची एक प्रत घरी ठेवावी. यात लाज कसली? मॉरिशसला गेलेल्या हजारोंनी अंगठा उठवला आणि कागदात काय आहे ते बेटावर उतरल्यावर कळले.

आणि व्यापारीबंधूंना एकच सांगणे. आपल्याकडे जे कारागीर बसतात, त्यांच्याशीही दर लेखी ठरवावा आणि आयात कर बदलला तर तोटा कोणी किती सोसायचा, हेही आधीच ठरवावे. १८४८ साली लंडनच्या कराचा सगळा भार सगळ्यात खालच्या माणसावर गेला, कारण त्याच्या कागदात त्याच्या बाजूचे एकही कलम नव्हते. आपल्या वहीत ते कलम लिहायला पार्लमेंटची गरज नाही.